एका दहशतवादी हल्ल्याची बातमी मोठी होते आणि दुसऱ्याची होत नाही, याची कारणे कशी तपासावीत

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन स्फोट झाले आणि त्यांत तीन जण ठार झाले. त्याच दिवशी इराकमध्ये बगदादसह अनेक शहरांत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या मालिकेत तीसपेक्षा जास्त माणसे मारली गेली. पहिली घटना जगभरच्या वृत्तवाहिन्यांवर आठवडाभर चालली, तर दुसरी बहुतेक ठिकाणी आतल्या पानांत राहिली. अशी जोडी समोर आली की दोन उत्तरे तयारच असतात: कोणी म्हणते की माध्यमे पक्षपाती आहेत, आणि कोणी म्हणते की इराकमध्ये हे रोजचेच आहे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, परंतु दोन्ही उत्तरे तपासाआधीच दिलेली असतात, हा त्यांतला मोठा दोष आहे. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला, संशोधकाला किंवा केवळ जिज्ञासू वाचकाला हा फरक स्वतः मोजून त्याची कारणे वेगळी कशी काढता येतील, ते पुढे सांगितले आहे. त्यासाठी जुन्या बातम्यांचा शोध घेता येईल असा संग्रह, हल्ल्यांची एक विश्वसनीय यादी आणि तक्ता करण्याची सोय एवढी सामग्री पुरते. धीर मात्र बराच लागतो.

प्रश्न आधी नेमका करावा

‘या हल्ल्याला प्रसिद्धी मिळाली नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. बातमी छापलीच गेली नाही, ही पहिली. छापली गेली पण तिला जागा, मथळा आणि पाठपुरावा मिळाला नाही, ही दुसरी. आणि माध्यमांनी ती दिली, पण लोकांनी वाचली नाही, ही तिसरी. या तिन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे आपण कोणती तक्रार तपासत आहोत, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे.

तिसरी तक्रार सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी बेरूतमध्ये झालेल्या दुहेरी आत्मघाती स्फोटांत ४० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि दुसऱ्याच दिवशी पॅरिसमधील हल्ल्यांत १३० जणांचा बळी गेला. बेरूतची बातमी कोणी दिलीच नाही, अशी तक्रार त्यानंतर जगभर झाली. प्रत्यक्षात मोठ्या वृत्तसंस्थांनी आणि वृत्तपत्रांनी ती त्याच दिवशी दिली होती; पॅरिसच्या तुलनेत तिला जागा फारच कमी मिळाली, हा भाग खरा होता. त्याच आठवड्यात आणखी एक विलक्षण प्रकार घडला. केनियातील गॅरिसा विद्यापीठ महाविद्यालयावर २ एप्रिल २०१५ रोजी झालेल्या आणि १४८ जणांचे प्राण घेणाऱ्या हल्ल्याची बीबीसीची सात महिन्यांपूर्वीची बातमी समाजमाध्यमांवरून इतकी फिरली की नोव्हेंबरमध्ये ती संकेतस्थळावरील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या बातम्यांत जाऊन बसली, आणि अनेकांना तो हल्ला नुकताच झाला असे वाटले. माध्यमांनी ही बातमी दडवली, असा रोष व्यक्त करणारे वाचक ती त्या माध्यमाच्याच पानावर वाचत होते. म्हणून ‘दिली नाही’ असे लिहिण्यापूर्वी संग्रहात शोध घेणे ही पहिली पायरी समजावी.

त्याच वेळी ‘कुठल्या माध्यमांत’ हेही ठरवावे लागते. बेरूतचा स्फोट लेबनॉनच्या वृत्तपत्रांत पहिल्या पानावरच होता. जागतिक माध्यमे म्हणून आपण जे म्हणतो ते अनेकदा न्यूयॉर्क, लंडन आणि अटलांटा येथील मोजक्या वृत्तकक्षांपुरते असते, आणि तपासाचे निष्कर्षही तेवढ्यापुरतेच खरे ठरतात.

हल्ल्यांची यादी आणि तिच्यातली मेख

तुलनेसाठी हल्ले स्वतःच्या आठवणीतून निवडू नयेत. आपल्या लक्षात तेच हल्ले असतात ज्यांना भरपूर प्रसिद्धी मिळाली होती, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच परीक्षक नेमल्यासारखे होते. मेरीलँड विद्यापीठातील संशोधन केंद्राने तयार केलेली ‘ग्लोबल टेररिझम डेटाबेस’ ही नोंदसंचिका १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक घटनांची माहिती देते आणि अभ्यासासाठी ती सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात तारीख, ठिकाण, लक्ष्य, शस्त्र, मृत व जखमी आणि संशयित गट अशी रकानेवार माहिती असते. राज्यसंस्थेने केलेली हिंसा तिच्या व्याख्येत बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

या यादीची मेख अशी की तीही प्रामुख्याने प्रसिद्ध झालेल्या बातम्यांवरूनच तयार होते. ज्या हल्ल्याची एकही बातमी कुठे आली नाही तो यादीत येण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे शून्य प्रसिद्धी मिळालेल्या हल्ल्यांची खरी संख्या या मार्गाने कधीच कळत नाही. आपल्याला फक्त थोडी प्रसिद्धी आणि जास्त प्रसिद्धी यांतला फरक मोजता येतो. याशिवाय १९९३ या वर्षाच्या मूळ नोंदी कार्यालय हलवताना हरवल्या आणि त्या पुढे पूर्णपणे पुन्हा उभ्या करता आल्या नाहीत, त्यामुळे मुंबईतील साखळी स्फोटांचे आणि न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील पहिल्या हल्ल्याचे ते वर्ष मुख्य संचात रिकामे दिसते. दहशतवादावरच्या सर्वांत मोठ्या संदर्भसाठ्यात एक आख्खे वर्ष गहाळ असावे, हे वाचून कोणालाही आश्चर्य वाटेल; परंतु वर्षावर्षांची तुलना करताना आलेख एकदम खाली का गेला, याचा उलगडा त्यामुळे होतो.

मोजणीचे नियम लिहून मगच मोजावे

बातम्या मोजणे सोपे वाटते, पण नियम आधी ठरवले नाहीत तर मोजणारा नकळत आपल्या मताकडे झुकतो. प्रथम कालमर्यादा ठरवावी. पहिले ७ दिवस हा एक टप्पा आणि पहिले वर्ष हा दुसरा, असे दोन टप्पे केल्यास तात्कालिक गदारोळ आणि टिकून राहिलेला पाठपुरावा वेगळे दिसतात. नंतर कोणती बातमी मोजायची ते ठरवावे: जिचा मुख्य विषय तो हल्ला, त्यातील बळी किंवा त्याचा आरोपी आहे तीच बातमी मोजावी, आणि इतर विषयांच्या ओघात केवळ उल्लेख आलेला असेल तर ती सोडून द्यावी. वृत्तसंस्थेची एकच बातमी ४० वृत्तपत्रांनी जशीच्या तशी छापली असेल तर ती एक धरायची की ४०, याचा निर्णयही लेखी असावा. वार्ताहर किती माध्यमांनी पाठवले हा प्रश्न असेल तर एक, आणि वाचकांपर्यंत किती पोहोचले हा प्रश्न असेल तर ४०, असे माझे मत आहे.

शोधशब्दांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. केवळ ‘दहशतवाद’ हा शब्द देऊन शोध घेतला तर ज्या हल्ल्यांना माध्यमांनी तो शब्द लावलाच नाही ते सगळे निसटतात, आणि नेमके तेच कमी प्रसिद्धीचे दिसू लागतात. १७ जून २०१५ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटन येथे एका चर्चमध्ये वंशद्वेषातून नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. त्या घटनेला दहशतवाद म्हणायचे की द्वेषमूलक गुन्हा, यावर पुढे बराच काळ वाद चालला. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ जणांचे प्राण घेणाऱ्या हल्ल्याच्या बाबतीत याच्या उलट घडले: पहिल्या काही तासांत अनेक माध्यमांनी आणि तज्ज्ञांनी इस्लामी गटांकडे बोट दाखवले, आणि हल्लेखोर नॉर्वेचाच अतिउजव्या विचारांचा नागरिक निघाल्यावर भाषा बदलली. म्हणून शोध नेहमी ठिकाण, तारीख आणि घटनेचे स्वरूप यांवरून घ्यावा. कोणता शब्द लावला गेला याचा तक्त्यात स्वतंत्र रकाना करावा.

मोजणी पूर्ण झाली की सरासरीवर विसंबू नये. प्रसिद्धीचे वाटप कमालीचे विषम असते. काही थोड्या हल्ल्यांवर शेकडो बातम्या येतात आणि बहुतेकांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बोस्टनसारखी एक घटना संचात असली की सरासरी फुगते, म्हणून मध्यमूल्य (सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यावे आणि ती एक घटना वगळून हिशेब पुन्हा मांडून पाहावा.

दोन हल्ल्यांची जोडी लावावी

कारणे वेगळी करण्याचा सर्वांत उपयुक्त मार्ग म्हणजे शक्य तितक्या बाबतींत सारखे असलेले दोन हल्ले शेजारी ठेवणे. बोस्टन आणि बगदाद ही जोडी लोकांच्या तोंडी असली तरी तपासासाठी ती वाईट आहे, कारण त्यांच्यात देश, परिस्थिती, पद्धत, मृतांची संख्या असे सगळेच वेगळे आहे. फरक कशामुळे पडला हे तिच्यातून कधीच सांगता येणार नाही.

चांगली जोडी कशी असते ते एका उदाहरणातून पाहता येईल. २१ डिसेंबर १९८८ रोजी लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले पॅन अ‍ॅमचे १०३ क्रमांकाचे विमान स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर स्फोटाने कोसळले. विमानातले २५९ आणि गावातले ११ असे २७० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, १९ सप्टेंबर १९८९ रोजी, ब्राझाव्हिलहून चाडची राजधानी एन्जामेनामार्गे पॅरिसला जाणारे यूटीए या फ्रेंच कंपनीचे ७७२ क्रमांकाचे विमान नायजर देशातील वाळवंटावर असताना सामानातील बॉम्बने उद्ध्वस्त झाले आणि त्यातील सर्वच्या सर्व १७० जण ठार झाले. दोन्ही ठिकाणी पद्धत एकच, दोन्ही प्रकरणांत लिबियाच्या हस्तकांना दोषी ठरवले गेले, काळही जवळपास एकच. तरीही लॉकर्बी हे नाव आज जगभर ओळखीचे आहे, आणि यूटीए ७७२ हा क्रमांक फ्रान्सबाहेर फारच थोड्यांना ठाऊक आहे.

मृतांच्या आकड्यांतला फरक एवढ्या तफावतीला पुरेसा नाही. म्हणून आता एकेक बाब ताडून पाहावी. लॉकर्बीला विमानाचे तुकडे घरांवर आणि शेतांत पडले. वार्ताहर आणि कॅमेरे काही तासांत पोहोचले आणि शेतात आडव्या पडलेल्या कॉकपिटचे छायाचित्र त्या घटनेचे चिन्हच होऊन बसले. नायजरच्या तेनेरे वाळवंटात अवशेष पडले तिथे वस्ती नव्हती, रस्ता नव्हता आणि पहिल्या दिवसांत छायाचित्रकारही नव्हते. लॉकर्बीच्या बळींत १९० अमेरिकी नागरिक होते, त्यांत नाताळासाठी घरी परतणारे सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी. यूटीएच्या विमानात अमेरिकी नागरिक केवळ सात होते आणि उरलेल्यांत फ्रान्स, काँगो आणि चाड या देशांचे लोक मोठ्या संख्येने होते. लॉकर्बीचा खटला नेदरलँड्समध्ये खास बसवलेल्या स्कॉटिश न्यायालयात प्रत्यक्ष आरोपी समोर उभे करून चालला, २००१ मध्ये एकाला शिक्षा झाली, २००९ मध्ये आजारपणामुळे त्याची सुटका झाली, आणि प्रत्येक टप्प्यावर बातमी पुन्हा पहिल्या पानावर आली. यूटीए प्रकरणी पॅरिसच्या न्यायालयाने १९९९ मध्ये सहा लिबियन नागरिकांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. पिंजरा रिकामा होता आणि रिकाम्या पिंजऱ्याची बातमी एका दिवसात संपते.

येथे तपासणाऱ्याने आणखी एक पाऊल पुढे टाकावे आणि प्रसिद्धीचे परिणाम कुठे दिसतात ते पाहावे. २००३ मध्ये लिबियाने लॉकर्बीच्या कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १ कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. यूटीएच्या कुटुंबांसाठी २००४ च्या जानेवारीत ठरलेली एकूण रक्कम १७ कोटी डॉलर होती, म्हणजे प्रत्येक बळीमागे १० लाख. या तफावतीचे सारे श्रेय किंवा दोष वार्तांकनाला देता येणार नाही, कारण अमेरिकी निर्बंधांचा दबाव हा त्यातला मोठा घटक होता. पण तो दबाव वर्षानुवर्षे टिकवण्यात बळींच्या नातेवाइकांच्या संघटनांनी माध्यमांत सतत लावून धरलेल्या मागणीचा वाटा होता, हे नाकारणेही कठीण आहे.

दुसरी शिकवणारी जोडी एकाच शहरातली आहे, त्यामुळे देशाचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. बळींची संख्या जवळपास सारखी असूनही जगाच्या माध्यमांत दुसऱ्या हल्ल्याला मिळालेली जागा पहिल्याच्या कितीतरी पट होती. फरक शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिला हल्ला कॅमेरे पोहोचण्यापूर्वीच संपला होता, तर दुसरा जवळजवळ ६० तास चालला आणि त्याचा शेवट काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. पहिल्यात रोज कामावरून घरी जाणारे प्रवासी होते, दुसऱ्यात पंचतारांकित हॉटेलांतले परदेशी पाहुणेही होते. दुसऱ्या हल्ल्यातील कारवाई वाहिन्यांनी थेट दाखवली; या प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल करून दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास बंदी घालण्यात आली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्येही इस्रायली खेळाडूंना ओलीस धरून खोलीत बसलेले हल्लेखोर छतावरच्या पोलिसांच्या हालचाली दूरचित्रवाणीवर पाहू शकत होते; त्यामुळे हा धडा नवा नव्हता, तो पुन्हा शिकावा लागला एवढेच.

वृत्तकक्षात निर्णय कसा होतो, हे समजून घ्यावे

कारणांची यादी करण्यापूर्वी बातमी मोठी किंवा लहान कुठे होते, ती जागा पाहिली पाहिजे. रात्रपाळीच्या वृत्तसंपादकापुढे वृत्तसंस्थेची एक ओळ येते: अमुक शहरात बाजारात स्फोट, किमान १२ ठार, सुरक्षा अधिकाऱ्यांची माहिती. त्या ओळीत पाहण्यासारखे बरेच असते. ‘किमान’ या शब्दाचा अर्थ आकडा वाढणार, म्हणून थांबावे. ‘सुरक्षा अधिकारी’ म्हणजे प्रत्यक्षदर्शी अजून मिळालेला नाही. बातमी कोणत्या शहरातून पाठवली गेली ते पाहावे, कारण स्फोट एका प्रांतात आणि बातमी ४०० किलोमीटरवरच्या राजधानीतून आली असेल तर वृत्तसंस्थेचा माणूस तिथे नाही. अर्ध्या तासात छायाचित्र आले, आकडा ३० वर गेला, एखाद्या गटाने जबाबदारी स्वीकारली आणि पंतप्रधानांचे निवेदन आले, तर बातमीला वर सरकण्याची एकेक पायरी मिळते. यातले काहीच आले नाही आणि पान सोडण्याची वेळ झाली, तर ती १२ ठारवरच, चार ओळींत लागते आणि दुसऱ्या दिवशी तिला कोणी हात लावत नाही. इथे कोणी त्या माणसांचा जीव स्वस्त आहे असे ठरवलेले नसते. तसे ठरल्यासारखा परिणाम मात्र होतो.

नायजेरियातील बागा येथे जानेवारी २०१५ च्या पहिल्या आठवड्यात बोको हराम या सशस्त्र गटाने केलेल्या हत्याकांडाची बातमी अशीच अडकली. हल्ला अनेक दिवस चालला, परिसर लष्कराच्या ताब्यातून गेला होता, संपर्कयंत्रणा कोलमडली होती आणि माहिती मिळत होती ती पळून आलेल्या लोकांकडून. सरकार मृतांचा आकडा १५० सांगत होते, तर अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेने दिलेल्या माहितीत तो २,००० पर्यंत असू शकतो असे म्हटले होते. ज्या आकड्याची पुष्टी होत नाही तो मथळ्यात घ्यायला संपादक कचरतात, आणि मथळ्यात आकडा नसला की बातमी खाली जाते. त्याच आठवड्यात, ७ जानेवारीला, पॅरिसमध्ये शार्ली एब्दो या नियतकालिकाच्या कार्यालयावर हल्ला होऊन १२ जण मारले गेले. ते शहर परदेशी वार्ताहरांनी भरलेले होते आणि बळींत पत्रकार व व्यंगचित्रकार होते; पत्रकारांवरील हल्ला पत्रकारांना अधिक जवळचा वाटतो, हे कोणी मोकळेपणाने बोलत नसले तरी नोंदवायला हवे. नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी पॅरिसच्या हल्ल्याचा निषेध केला, पण बागाविषयी त्या दिवसांत ते जाहीरपणे काही बोलले नाहीत. आपल्याच सरकारने मौन पाळलेल्या घटनेला परदेशी माध्यमांत जागा मिळणे अवघड असते, म्हणून तक्त्यात ‘सरकारची पहिली प्रतिक्रिया किती तासांनी’ असा एक रकाना असावा. तो ज्यांनी भरला त्यांना आश्चर्य वाटेल इतका तो बोलका ठरतो.

कारणे एकेक करून कशी वजनात घ्यावीत

मृतांची संख्या महत्त्वाची नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते चुकीचे आहे. मात्र ती महत्त्वाची असते एका देशाच्या, एका माध्यमाच्या चौकटीत. त्या चौकटीत जास्त बळींच्या हल्ल्याला सहसा जास्त जागा मिळते. सीमा ओलांडली की हे गणित मोडते. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी सोमालियाची राजधानी मोगादिशूमध्ये ट्रकमधील बॉम्बने ५०० हून अधिक लोक मारले गेले आणि ३ जुलै २०१६ रोजी बगदादच्या करादा भागात ३०० हून अधिक. हे आकडे माहीत नसलेला वाचक, युरोपातील त्याच काळातील याहून कितीतरी लहान हल्ल्यांची ठिकाणे मात्र पटकन सांगू शकेल.

बळी कोण होते हा प्रश्न केवळ नागरिकत्वाचा नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते आणि कटही कॅनडातच शिजला होता. तरीही कॅनडात ती दीर्घकाळ परदेशातली दुर्घटना म्हणूनच पाहिली गेली. चौकशी आयोगाचा अहवाल यायला आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी कुटुंबांची माफी मागायला २०१० साल उजाडावे लागले. पासपोर्ट त्या देशाचा असला तरी तिथल्या माध्यमांनी ज्यांना आपले मानले नाही, त्यांच्या बाबतीत ‘जवळच्यांची बातमी मोठी’ हा निकटतेचा नियम लागू पडला नाही. म्हणून ‘बळींचे राष्ट्रीयत्व’ आणि ‘बळी त्या माध्यमाच्या वाचकवर्गाला आपले वाटतात का’ हे दोन रकाने वेगळे ठेवावेत, दुसरा भरताना कितीही अडचण आली तरी.

हल्लेखोर कोण, या घटकावर सर्वांत काटेकोर काम अमेरिकेबाबत झाले आहे. २००६ ते २०१५ या काळात अमेरिकेत झालेल्या १३६ हल्ल्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, बळींची संख्या, लक्ष्याचा प्रकार आणि आरोपीला अटक झाली की नाही, या गोष्टींचा परिणाम वजा केल्यावरही मुस्लिम हल्लेखोरांच्या हल्ल्यांना इतरांच्या तुलनेत सरासरी ३५७ टक्के अधिक प्रसिद्धी मिळाली. हा आकडा उद्धृत करताना दोन पथ्ये पाळावीत. तो अमेरिकेतील हल्ल्यांच्या अमेरिकी वार्तांकनाचा आहे; बगदाद, लाहोर किंवा मोगादिशू येथे हल्लेखोर आणि बळी दोघेही मुस्लिम असताना प्रसिद्धी कमी का, याचे उत्तर त्यात नाही. आणि तो इतर बाबी सारख्या धरल्यावरचा आहे, म्हणजे लोकांना जाणवणारा पूर्वग्रह येथे अंदाजाने नव्हे तर उरलेल्या फरकातून दिसला आहे. पक्षपात दाखवायचा असेल तर तो असाच दाखवावा लागतो.

स्पर्धा हा घटक बहुतेक जण विसरतात. बोस्टनच्या स्फोटांनंतर दोनच दिवसांनी टेक्सासमधील वेस्ट या गावात खत साठवलेल्या कारखान्यात स्फोट होऊन १५ जण मरण पावले. तो दहशतवादी हल्ला नव्हता, पण बोस्टनचे संशयित पकडले जाईपर्यंत त्याच देशातल्या, पाच पट जास्त बळींच्या घटनेलाही पुरेशी जागा मिळेना. म्हणून प्रत्येक हल्ल्यापुढे त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस जगात आणखी काय चालले होते, याची दोन ओळींची नोंद करावी.

काही वेळा प्रसिद्धी उशिरा येते आणि ती माध्यमांकडून नव्हे तर लोकांकडून येते. २५ फेब्रुवारी २०१४ रोजी नायजेरियातील बुनी यादी येथे शाळेच्या वसतिगृहात डझनावारी मुलगे मारले गेले, त्याकडे जगाने फारसे पाहिले नाही. १४ एप्रिलच्या रात्री चिबोकहून २७६ मुलींचे अपहरण झाले, आणि तेथेही पहिले दोन आठवडे शांतताच होती. पालकांची आंदोलने आणि ‘ब्रिंग बॅक अवर गर्ल्स’ ही हॅशटॅग मोहीम सुरू झाल्यावर बातमी जगभर पोहोचली. अपहृत मुली परत येऊ शकत होत्या, म्हणजे बातमीला पुढचा अंक होता. अशा प्रकरणांत पहिल्या ७ दिवसांचाच आकडा घेतला तर निष्कर्ष उलटा निघेल.

निष्कर्ष लिहिताना

सर्व रकाने भरून झाल्यावर कारणांचा क्रम लावावा, पण पहिल्या क्रमांकावर नेहमी वार्ताहर तिथे पोहोचण्याची शक्यता आणि घटनेचा कालावधी ही दोन कारणे तपासून पाहावीत, कारण ती सर्वांत कमी वादग्रस्त आणि सर्वांत सहज पडताळता येणारी आहेत. त्यांनी जेवढा फरक उलगडतो तेवढा बाजूला काढावा. मग बळींची ओळख, हल्लेखोराची ओळख आणि घटना अपेक्षित होती की अनपेक्षित, यांकडे वळावे. ‘तिथे हे रोजचेच आहे’ हे कारण पुढे करायचे असेल तर त्या देशातील आधीच्या वर्षभरातील हल्ल्यांची संख्या शेजारी लिहावी. ती संख्या मोठी नसेल तर ते कारण नव्हे, सबब आहे. इतके करूनही जो फरक उरतो त्याला पूर्वग्रह म्हणायला हरकत नाही, मात्र तो कोणत्या माध्यमांचा, कोणत्या काळातला आणि किती घटनांवरून काढलेला आहे, हे त्याच वाक्यात यावे.

तक्ता तेथेच बंद करू नये. खटला, निकाल, चौकशी अहवाल आणि दहावा स्मृतिदिन या तारखा आधीच नोंदवून ठेवाव्यात आणि त्या त्या वेळी मोजणी पुन्हा करावी, कारण आरोपी जिवंत सापडलेल्या आणि न सापडलेल्या हल्ल्यांतली दरी पहिल्या आठवड्यापेक्षा पुढच्या वर्षांत अधिक रुंदावते.